तो स्टॅबिलायझर नव्हता

गणपतीतली आमच्या ऑर्केस्ट्राची पहिली सुपारी, म्हणजे ठरलेला कार्यक्रम, जयसिंगपूरजवळच्या एका गावात होती. संध्याकाळी साउंड चेकला मी माझा बेसचा ॲम्प मंडळाच्या बोर्डात लावला आणि स्विच दाबला. लाल दिवा भकन् पेटला, आत फट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. साऊंडवाल्यानं धावत येऊन मेन बंद केला. १९ दिवसांपूर्वी ७४ हजार रुपये मोजून आणलेल्या सामानातला एक भाग तिथंच संपला. दुसरा भाग म्हणजे बेस गिटार. ती संपायला आणखी चार दिवस लागले.

मला ज्या पद्धतीनं फसवलं, ती आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना बरोबर लागू पडते, म्हणून हे सविस्तर लिहितोय. सीझन तोंडावर आलेला असतो, पैसा मोजका असतो, चांगलं सामान सेकंडहँडच परवडतं. त्यात गावात बेसवाला एखादाच, त्यामुळं कुणाला विचारायचीही सोय नसते.

मी कोल्हापुरात १४ वर्षं बेस वाजवतोय, पण ऑर्केस्ट्राच्या मालकाच्या गिटारवर. स्वतःचा फेंडर जॅझ बेस असावा ही जुनी इच्छा. फेंडर या अमेरिकन कंपनीनं हे मॉडेल १९६० साली काढलं. नटाजवळ, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, नेक (गिटारची मान) अरुंद, त्यामुळं माझ्या लहान हाताला सोयीचा, आणि तारांचा कंप पकडणाऱ्या दोन पिकअपमुळं ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गर्दीतही त्याचा सूर वेगळा ऐकू येतो. यंदा बायकोची भिशी लागली. ती म्हणाली, आता घेऊन टाका. त्या पैशाला जपायचं होतं, हेच मला अजून टोचतं.

जुनं सामान विकणाऱ्या एका ॲपवर कल्याणच्या माणसाची जाहिरात दिसली. मेक्सिकोत बनलेला फेंडर जॅझ बेस, ५०० वॅटचा अमेरिकन ॲम्प हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि चार स्पीकरचं कॅबिनेट, सगळं मिळून ७८ हजार. फोनवर माणूस गोड होता. ‘दादा, मी पण स्टेजवालाच. परदेशी चाललोय, वाजवणाऱ्याच्या हातात जावं एवढीच इच्छा आहे.’ दोन गिऱ्हाईकं उद्याच येणार म्हणाला, तेव्हा मी २० हजार यूपीआयनं पाठवले आणि महालक्ष्मीनं रात्रभर प्रवास करून सकाळी कल्याणला उतरलो.

त्याच्या घरी जे घडलं ते बारकाईनं वाचा. ॲम्प आधीच चालू करून ठेवलेला. त्याची वायर जमिनीवरच्या एका काळ्या पेटीत गेलेली. ‘हे काय?’ विचारलं तर म्हणाला, ‘स्टॅबिलायझर. आमच्याकडं लाईट कमी-जास्त होते. हा घरचाय, देणार नाही.’ ॲम्पच्या मागं वायर लागते तिथं ‘सर्व्हिस ओके’ असा मोठा स्टिकर. आवाज वाढवायला गेलो तर त्यानं हात जोडले, शेजारी तान्हं बाळ झोपलंय म्हणून. मी पाऊण तास वाजवलं, पण व्हॉल्यूम सगळा वेळ दोनवर. गिटारच्या तारा अर्धा स्वर खाली लावलेल्या होत्या. ‘आमची सिंगर खालच्या पट्टीत गाते’ हे त्याचं उत्तर. मला ते पटलं, कारण आमच्याकडंही असं होतं.

गिटारच्या सिरीयल नंबरचा अभ्यास मी घरूनच करून गेलो होतो. एमएक्सनं सुरू होणारा नंबर म्हणजे मेक्सिको, पुढचे दोन आकडे वर्षाचे. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या भागावर, अगदी तसाच नंबर होता. मी निर्धास्त झालो. चार हजार कमी करून उरलेले ५४ हजार रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, ‘आपल्यात कसली पावती?’ मीही गप्प बसलो.

ती पेटी स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर होती. आपल्याकडं घरात २३० व्होल्ट येतात, अमेरिकेत १२०. तिकडचा, आतच स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेला जुना ॲम्प आपल्या बोर्डात थेट लावला की त्याला जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळतं. मेकॅनिकनं स्टिकर खरवडला तेव्हा खाली छापलेलं निघालं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आतले मोठे कपॅसिटर फुटलेले. आणल्यावर घरी लावून बघायला हवा होता हे खरं, पण आमच्या खोलीत तेवढं वाजवता येत नाही म्हणून तो गुंडाळूनच ठेवला होता. बाहेरून आलेला ॲम्प घेताना मागच्या पाटीवरचे व्होल्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. काही ॲम्पला ११५ आणि २३० असा बदलायचा खटका असतो, नव्यांपैकी बरेच दोन्हीवर चालतात. पण ते पाटीवर लिहिलेलं असतं. पाटीवर स्टिकर असेल तर तो तिथंच काढायला लावा. काढू देत नसेल तर उठा.

त्या रात्री कार्यक्रम झाला, तो साऊंडवाल्याच्या डीआय बॉक्समुळं, म्हणजे गिटार थेट मिक्सरला जोडायच्या छोट्या डबीमुळं. गिटारची पिन डीआयमध्ये, तिथून थेट मिक्सरला लाईन, आणि मला स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये बेस. मैदानावरच्या लोकांना काही फरक कळला नाही, आणि तो कळणारही नव्हता. मोकळ्या जागेत बेस लोकांपर्यंत पोचतो तो साऊंडवाल्याच्या सबमधून, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरमधून. स्टेजवरचा ॲम्प असतो तो मला आणि ड्रमरला ऐकू यावं म्हणून. ५०० वॅटची मला गरजच नव्हती. आपल्याकडं बेसवाल्यानं आधी बरा डीआय आणि दोन चांगल्या कॉर्ड घ्याव्यात, ॲम्पचं नंतर बघावं, असं माझं आता ठाम मत आहे.

वॅटचंही सांगतो. त्या हेडवरचे ५०० वॅट ४ ओहमवरचे होते (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). माझं कॅबिनेट ८ ओहमचं, म्हणजे ॲम्प चालू राहिला असता तरी तेवढी ताकद मला मिळालीच नसती. वॅट विचारताना ‘आरएमएस (सतत मिळणारी ताकद) किती, आणि किती ओहमला’ हे दोन्ही विचारा. आणि उलट चूकही करू नका: ८ ओहमची दोन कॅबिनेट जोडली की ४ होतात, ४ ची दोन जोडली की २, आणि ज्या हेडवर किमान ४ लिहिलंय तो २ वर तापून बंद पडतो किंवा जळतो. कॅबिनेट मात्र खरं निघालं. चारही स्पीकर धड आहेत.

आता गिटार. कार्यक्रमाच्या दिवशी मी तारा नेहमीच्या पट्टीत चढवल्या. चार दिवसांत पाचव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढं तारा बोटाला लागेनात, इतक्या उचलल्या. सहाव्या दिवशी मिरजेला सतारमेकर गल्लीत एका चाचांकडं गेलो. त्यांचा जन्म तंबोऱ्याच्या लाकडात गेलेला, गिटारीही दुरुस्त करतात. त्यांनी ती वाजवलीसुद्धा नाही. हेडस्टॉकच्या मागून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘बेटा, इथं घासलंय.’ दिवा तिरका धरल्यावर नव्या पॉलिशखाली पुसट अक्षरं दिसली: आयसीएस. ती इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायरच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड. वाईट वाद्य नव्हे, पण किंमत कितीतरी कमी. जुना नंबर घासून वर फेंडरचं नाव आणि मेक्सिकोचा नंबर चिकटवला होता. मी ज्या नंबरावर विसंबलो, तो कुठल्याही खऱ्या गिटारच्या फोटोवरून उतरवता येतो.

चाचांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. फेंडरची बॉडी साधारण ४४ मिलिमीटर जाड असते, माझी ४० भरली. मग ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला, चावी लावली तर ती नुसतीच गोल फिरली, आटे गेलेले. आता अर्धा स्वर खाली लावण्याचं कारण कळलं. बेसच्या चार तारांचा मिळून ओढा ७०-८० किलोच्या घरात जातो. तारा सैल ठेवल्या की ओढा कमी होतो, आणि खराब नेक तास-दोन तास सरळ दिसतो. म्हणून ट्यूनर सोबत न्या, तारा नेहमीच्या पट्टीत चढवा आणि चहा पिऊन परत या. मग तीच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्या-आठव्याजवळ बघा: व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असली तर ठीक, पेन्सिल जात असेल तर नेक वाकलाय. ट्रस रॉडची चावी विकणाऱ्यालाच पाव फेरा फिरवायला सांगा. तो का कू करत असेल तर समजून जा.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पकडू शकलो असतो. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की हमिंग (विजेची घरघर) जवळजवळ जातं, कारण दोघांची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट असतात. एकच उघडला की थोडं येतं. माझ्या गिटारवर दोन्ही उघडल्यावर हमिंग वाढत होतं, म्हणजे एक पिकअप कुठला तरी दुसराच बसवलेला. पण दोनच्या व्हॉल्यूमला ते ऐकू येत नाही. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते, तो सूर खरा कसा आहे हे स्टेजच्या आवाजाला ऐकल्याशिवाय कळतच नाही. झोपलेलं बाळ असतं तर मला वाईट वाटलं असतं, पण त्या घरात मला पाऊण तासात बाळाचा एकदाही आवाज आला नाही. सौदा अशा ठिकाणी करा जिथं मोठ्यानं वाजवता येईल. रिहर्सल हॉल तासावर मिळतो, भाडं तुम्ही भरा.

पोलिसांकडं गेलो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही सांगितलं, पण यूपीआयची रक्कम जाऊन तीन आठवडे उलटले होते. तिथं खरं तर पहिल्या काही तासांतच फोन करावा लागतो. ५४ हजार रोखीचा तर कागदच नाही. त्यानं चॅट आपोआप पुसलं जाईल असं आधीच ठेवलं होतं, मी एकही स्क्रीनशॉट घेतला नव्हता. अर्ज लिहून घेतला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणूक. अजून कुणी बोलावलेलं नाही. बायको एका शब्दानं बोलली नाही. पुढच्या महिन्यापासून मी सकाळी दोन तास गिटारचे क्लास घेणार आहे, तिची भिशी भरून निघेपर्यंत.

गेल्या आठवड्यात त्याच ॲपवर तशीच जाहिरात आली. नाव वेगळं, शहर ठाणे, गिटारचा रंग पांढरा. पण फोटोत मागं तेच लोखंडी कपाट, हेडच्या मागं त्याच जागी ‘सर्व्हिस ओके’ चा स्टिकर, आणि जमिनीवर ती काळी पेटी. मी ॲपवर तक्रार केली, पण जाहिरात अजून आहे. बघायला जाणार असाल तर गिटार हातात घेण्याआधी त्या पेटीतली वायर काढायला सांगा आणि हेड थेट भिंतीतल्या बोर्डाला लावायला सांगा. तुम्ही लावू नका, त्यालाच लावू दे.