पहिल्या क्रमांकाची हमी आणि हापूसचा वाया गेलेला हंगाम

देवगड तालुक्यातील आमच्या बागेतला हापूस वाशीच्या बाजारात न पाठवता थेट मुंबई-पुण्यातील घरांपर्यंत पोचवावा, या हेतूने आम्ही काही वर्षांपूर्वी स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. अडत, हमाली, वाहतूक आणि त्या दिवशीची आवक यांतून बागायतदाराच्या हाती काय उरते, हे कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. थेट विक्रीत मात्र ग्राहकाला आपण सापडावे लागतो, आणि आजचा शहरी ग्राहक आंबा शोधतो तो फोनवर. फेब्रुवारीच्या अखेरीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ‘देवगड हापूस ऑनलाइन’, ‘हापूस घरपोच पुणे’ असे शब्द तो गूगलमध्ये टाकतो, वर दिसणारी तीन-चार संकेतस्थळे उघडतो, डझनाचा भाव ताडून पाहतो आणि पेटी मागवतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परप्रांतातला आंबा देवगडच्या नावाने विकणारे याच शब्दांवर टपलेले असतात. त्यामुळे या मोजक्या शब्दांवर वरचे स्थान मिळावे, ही बागायतदाराची इच्छा अगदी रास्त आहे. तिचाच फायदा घेऊन आमची जी फसवणूक झाली, ती इतर उत्पादकांची होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दिवाळीनंतर, संकेतस्थळे गूगलच्या शोधात वर आणून देण्याचे काम करणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. आपण गूगलचे अधिकृत पार्टनर आहोत, असे त्याने सांगितले. ‘सर, वीस कीवर्ड, तीन महिन्यांत पहिले पान, नाही झाले तर पूर्ण पैसे परत,’ हे त्याचे शब्द (कीवर्ड म्हणजे ग्राहक शोधताना टाकतो तो शब्दसमूह) मला आजही आठवतात, कारण नंतर प्रत्येक संभाषणात तो तेच म्हणत राहिला. गूगलची पार्टनर योजना खरोखर अस्तित्वात आहे, परंतु ती जाहिराती हाताळणाऱ्या संस्थांसाठी आहे आणि शोधाच्या नैसर्गिक, म्हणजे जाहिरात नसलेल्या, निकालांतील क्रमाशी तिचा काहीही संबंध नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे. ते वाक्य कोणत्याही करारावर सही करण्याआधी समोरच्याला दाखवावे आणि त्यावर तो काय उत्तर देतो, ते लेखी घ्यावे.

करारात वीस शब्दसमूहांचा उल्लेख होता, पण ते कोणते हे नव्हते. ‘उभयपक्षी चर्चेने निश्चित होणारी यादी परिशिष्टात जोडली जाईल,’ एवढेच वाक्य होते. सगळी गोम या एका वाक्यात होती. पहिला हप्ता जमा झाल्यावर आलेल्या परिशिष्टात ‘देवगड हापूस ऑनलाइन’ नव्हतेच. त्याऐवजी ‘बेस्ट नॅचरली राइपन्ड देवगड हापूस मँगो फार्म सेलर’ आणि त्यापुढे आमच्या वाडीचे नाव, अशा धाटणीची लांबलचक वाक्ये होती. मोठ्या शब्दांकडे जाण्याची ही पहिली पायरी आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. दर महिन्याला रंगीत अहवाल येई, त्यात या वाक्यांपुढे हिरवे बाण आणि एक, दोन, एक असे क्रमांक असत. ज्या वाक्याचा शोध कोणी घेतच नाही आणि ज्यासाठी दुसरे पानही उपलब्ध नाही, त्यावर पहिला क्रमांक मिळवायला काहीच करावे लागत नाही. वाडीचे नाव असलेले पान जगात आमचे एकट्याचे होते.

फेब्रुवारीत चौकशा येईनात, तेव्हा माझ्या पुतणीने गूगल सर्च कन्सोल पाहण्याचा आग्रह धरला. ही सुविधा विनामूल्य आहे. कोणत्या शब्दांच्या शोधात आपले पान किती वेळा दिसले, त्यावर किती क्लिक झाले आणि सरासरी स्थान काय होते, याचा सोळा महिन्यांपर्यंतचा तपशील तिथे मिळतो. कंपनीने ही नोंदणी स्वतःच्या ईमेलवर केली होती आणि आम्हाला प्रवेश द्यायला ती सतत टाळाटाळ करत होती, म्हणून पुतणीने आमच्या नावाने स्वतंत्र पडताळणी केली. अहवालातल्या वीसपैकी एकही वाक्य त्या यादीत आढळले नाही. अगदी विरळा शोध गूगल गोपनीयतेसाठी यादीतून वगळते, हे खरे आहे, पण त्या वाक्यांसाठी बनवलेली पानेसुद्धा महिनाभरात जेमतेम दोन-चारदा दिसली होती, आणि ती बहुधा अहवाल बनवणाऱ्यानेच पाहिली असावीत. ज्या शब्दांवर आंबा विकला जातो, त्यांवर आमचे सरासरी स्थान साठाच्या पुढे होते.

जाब विचारल्यावर मार्चअखेरीस एक स्क्रीनशॉट आला, ज्यात ‘देवगड हापूस ऑनलाइन’ या शोधात आमचे नाव सर्वांत वर होते. चित्र मोठे करून पाहिल्यावर नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे दिसले. आमच्याच शुल्कातून त्यांनी काही दिवस जाहिरात चालवली होती. जाहिरात देण्यात वावगे काही नाही, आम्ही आता स्वतः देतो, पण पैसे थांबताच ती जागा जाते आणि तिला नैसर्गिक क्रमांक म्हणून दाखवणे ही निव्वळ लबाडी आहे. तसेच, समोरच्याने स्वतःच्या फोनवर शोधून दाखवलेला क्रमांकही ग्राह्य धरू नये, कारण शोधणाऱ्याचे ठिकाण आणि त्याचा आधीचा वापर यांनुसार निकाल बदलतात. आपलेच पान रोज उघडणाऱ्याला ते वर दिसते, यात नवल नाही.

पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण खरे नुकसान कंपनीने इतर संकेतस्थळांवरून आमच्याकडे जोडलेल्या दुव्यांनी (लिंकांनी) केले. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत एका संकेतस्थळाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही शिफारस मानली गेली, आणि तेव्हापासून खोट्या शिफारशी विकण्याचा धंदा सुरू झाला. गूगलने त्याविरुद्ध वेळोवेळी कडक पावले उचलली आहेत. फसव्या पानांपायी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ निकालांतून काढले गेले, विकतच्या दुव्यांमुळे २०११ मध्ये अमेरिकेतील जेसी पेनी हे मोठे दुकान एकाएकी खाली घसरले आणि एप्रिल २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलाने असे दुवे घेणाऱ्या असंख्य स्थळांना फटका बसला. आमच्या नावाने जोडलेले दुवे परदेशी जुगाराची, कर्जाची आणि औषधांची संकेतस्थळे चालवणाऱ्यांकडून आले होते. अनैसर्गिक दुव्यांबद्दल कारवाई झाल्याची सूचना सर्च कन्सोलमध्ये आली होती, ती कंपनीने वाचली असणार आणि आमच्यापासून दडवली. ऐन एप्रिलमध्ये, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, आमच्या बागेचे नाव टाकूनही संकेतस्थळ सापडेना. ठरलेले जुने ग्राहक फोन करून विचारू लागले की आपण विक्री बंद केली का. आढीत पिकत आलेला आंबा थांबत नाही. उरलेला माल अखेर मिळेल त्या भावाने वाशीला पाठवावा लागला.

पुढचे हप्ते थांबवल्यावर कळले की डोमेनसुद्धा, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ताही, त्यांच्याच नावावर नोंदलेले आहे. हस्तांतरासाठी त्यांनी वेगळी रक्कम मागितली. पहिल्या बिलात ‘ग्राहकासाठी डोमेन खरेदी’ अशी स्वतंत्र ओळ होती, तीच आमच्या उपयोगी पडली. वकिलांनी त्या बिलाच्या आधारे नोटीस दिल्यावर हस्तांतराचा कोड मिळाला. ते बिल नसते तर ‘डॉट इन’ नावांच्या वादासाठी असलेल्या लवादाकडे जावे लागले असते, आणि तो खर्च लहान उत्पादकाला जड जातो. डोमेन, सर्च कन्सोल, जाहिरातींचे खाते आणि नकाशावरची व्यवसायाची नोंद या चारही गोष्टी मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असाव्यात आणि काम करणाऱ्याला केवळ प्रवेश द्यावा, असे मी आता भेटेल त्या बागायतदाराला कळकळीने सांगतो. नकाशावरची नोंद गूगल विनामूल्य करते. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथेच संभाषण थांबवावे.

या क्षेत्रात प्रामाणिक माणसेही आहेत. आमची साफसफाई करून देणाऱ्या तरुणाने पहिल्याच भेटीत गूगलचे कीवर्ड प्लॅनर हे साधन उघडून कोणत्या शब्दांना मागणी आहे ते आमच्यासमोर तपासले, स्थानाची हमी देणार नाही असे लिहून दिले, आणि पानांवर बागेची छायाचित्रे, मानांकनाचा नोंदणी क्रमांक, पेटीतील फळांचे वजन व पोचवण्याचा दिवस असा ग्राहकाला खरोखर हवा असलेला मजकूर घालायला लावला. वाईट दुव्यांची यादी करून ते नाकारत असल्याचे गूगलला कळवण्याचे काम आणि त्यानंतर गूगलकडेच केलेला फेरविचार अर्ज यांत पावसाळा गेला. अर्ज मंजूर झाला, बागेच्या नावाने पान पुन्हा दिसू लागले, पण मुख्य शब्दांवर आम्ही अजून पहिल्या पानाबाहेर आहोत.

पैसे परत मिळालेले नाहीत. परिशिष्टातील वीसही वाक्ये पहिल्या पानावर असल्याने हमी पूर्ण झाली, असे कंपनीचे म्हणणे आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, परंतु २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यातून सूट आहे, आणि त्याच आधारावर आम्ही जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. वकिलांचा सगळा भर सही झाल्यानंतर आलेल्या परिशिष्टाच्या ईमेलवर आहे, कारण त्यावरची तारीख हप्ता जमा झाल्यानंतरची आहे. ज्यांच्याकडे अशीच नंतर आलेली यादी असेल, त्यांनी तो ईमेल, बँकेची नोंद आणि सर्च कन्सोलमधील त्या महिन्यांचा तपशील आताच उतरवून ठेवावा, कारण सोळा महिने उलटले की तो तपशील तिथे राहत नाही.