जुन्या गाडीसाठी घेतलेला ओबीडी ॲडॉप्टर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरची पेट्रोल गाडी आता सोळा वर्षांची झाली असून तिचे १ लाख ८४ हजार किलोमीटर पूर्ण झाले आहेत. गेल्या वर्षी तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये दाखवल्यावर ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) बदलावा लागेल असे दहा मिनिटांतच सांगण्यात आले. कशावरून, असे विचारल्यावर ‘मशीन तसे दाखवते आहे’ एवढेच उत्तर मिळाले. ते मशीन नेमके काय दाखवते हे आपण स्वतः पाहावे, या हेतूने मी मोबाइलशी ब्लूटूथने जोडला जाणारा ओबीडी ॲडॉप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारे छोटे उपकरण, घेतला. आज चौदा महिन्यांनी त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण विकत घेण्यापूर्वी मला हवी असलेली माहिती जाहिरातींत कुठेच नव्हती.

हा ॲडॉप्टर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. असे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना बंधनकारक झाले, त्यामुळे बऱ्याच जुन्या गाड्यांतही ते सापडते. मात्र सॉकेट एकच असले तरी त्यातून गाडी कोणत्या भाषेत बोलते हे गाडीनुसार बदलते. अलीकडच्या गाड्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवरून ‘कॅन’ पद्धतीने बोलतात, तर आमच्यासारख्या जुन्या गाड्या ७ क्रमांकाच्या पिनेवरच्या ‘के-लाइन’ने बोलतात. मी आधी घेतलेला एक ॲडॉप्टर ईएलएम ३२७ या (गाडीची भाषा मोबाइलसाठी उलगडणाऱ्या) चिपची हलकी नक्कल होता आणि त्याला के-लाइन कळतच नव्हती. मोबाइलशी तो क्षणात जोडला जाई, पण गाडीशी कधीच नाही. ॲडॉप्टरवर ‘१.५’ आवृत्ती असे लिहिलेले दिसले तर एवढे लक्षात ठेवावे की मूळ चिपची त्या क्रमांकाची आवृत्ती कधी निघालीच नव्हती. जुन्या गाडीसाठी खरेदी करताना आवृत्तीच्या आकड्यापेक्षा आपल्या गाडीची पद्धत त्याला चालते का, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरा ॲडॉप्टर चालला. त्यात दिसलेला कोड, म्हणजे संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, होता पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे. ऑक्सिजन सेन्सर बिघडला आहे असे हा कोड म्हणतच नाही. इंजिनाच्या संगणकाला काय दिसले एवढेच तो सांगतो. तसे का दिसले, हे आपल्याला शोधावे लागते. माझ्या मते या उपकरणाचा सगळा उपयोग आणि सगळा धोका याच एका फरकात आहे. जो कोडला सुट्या भागाचे नाव समजतो तो चांगले भाग बदलत बसतो.

खरा उपयोग झाला तो चालू इंजिनाचे आकडे पाहण्याचा. संगणक सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल सतत कमी-जास्त करत असतो आणि ही दुरुस्ती टक्क्यांमध्ये दिसते. एक आकडा त्या क्षणाचा आणि दुसरा संगणकाने दीर्घकाळात शिकून ठेवलेला. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजीचे कारण नसते. आमच्या गाडीत आयडलिंगला ती अधिक २४ टक्के होती. पण रेस देऊन फेरे मिनिटाला २५०० वर स्थिर ठेवले की अधिक ७ टक्क्यांवर उतरत असे. हा उतार फार बोलका आहे. पेट्रोल पुरवणारा पंप अशक्त असता किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असता तर भार वाढल्यावर तूट वाढली असती. येथे उलट घडत होते, म्हणजे त्या सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत होती: इंजिन संथ असताना अशा चोरट्या हवेचा वाटा मोठा असतो, आणि थ्रॉटल (हवेची झडप) उघडून भरपूर हवा येऊ लागली की तोच वाटा नगण्य होतो. (हवा मोजणारा सेन्सर ज्या गाडीत नसतो, तिथे केवळ दाबावरून हिशेब होतो आणि हे लक्षण इतके स्पष्ट दिसत नाही.)

मग एका रविवारी बोनेट उघडून, पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून, इनटेकला जाणारी एकेक रबरी नळी हलकेच दाबत मोबाइलवरचा आकडा पाहत गेलो. काही जण यासाठी ज्वलनशील फवारा मारतात. तापलेल्या इंजिनावर तसे मुळीच करू नये. चौथी नळी, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ इनटेककडे नेणारी, दाबताच आकडा झपाट्याने खाली आला. ती काढून पाहिली तर कोपराच्या खालच्या बाजूला, वरून कधीच दिसली नसती अशा ठिकाणी, बोटाच्या पेराएवढी चीर होती. सोळा वर्षांच्या उष्णतेने ते रबर बिस्किटासारखे मोडत होते. नवी नळी व दोन क्लिपा बसवल्यावर चार दिवसांत बेरीज अधिक ३ टक्क्यांवर आली आणि दिवा पुन्हा लागला नाही. ऑक्सिजन सेन्सर सुरुवातीपासून खरेच सांगत होता. आजही तोच जुना सेन्सर गाडीत आहे.

दुसरा अनुभव याच्या उलट, म्हणजे कोड नसलेल्या बिघाडाचा. थंडीत पेट्रोल जास्त लागत होते, पण दिवा लागला नव्हता आणि तापमानाचा काटा नेहमीप्रमाणे मध्यावर होता. मोबाइलवर मात्र कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान शहरात ८८ अंश आणि मोकळ्या रस्त्यावर, ताशी ८० किलोमीटरला, ६९ अंश दिसे. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की एका मोठ्या पट्ट्यात तो मध्यावरून हलत नाही, त्यामुळे चालकाला निष्कारण घोर लागत नाही. पण याच कारणाने असा दोष झाकलाही जातो. रस्त्यावर वारा मिळताच इंजिन थंड पडते याचा अर्थ थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच राहिला आहे. यासाठी पी०१२८ हा कोड असतो, पण तो नोंदवण्याच्या संगणकाच्या अटी आमच्या रोजच्या छोट्या फेऱ्यांत बहुधा पूर्ण होत नसाव्यात. कोड नाही म्हणजे दोष नाही असे मी तेव्हापासून मानत नाही.

थर्मोस्टॅट बदलण्याचे काम घरी जमण्यासारखे आहे, मात्र इंजिन पूर्ण थंड असल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि काढलेले कूलंट जमिनीवर सांडू देऊ नये. ते विषारी असून चवीला गोड असल्याने जनावरे ते चाटतात. काढलेला थर्मोस्टॅट पाहिला तर त्यावर ८८ हा आकडा कोरलेला होता आणि तो गार असतानाच अर्धा उघडा होता. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरून, हीटर चालू ठेवून आतली हवा बाहेर काढण्यात मात्र माझी संपूर्ण दुपार गेली.

तिसऱ्या प्रसंगी इंजिन मिसिंग करू लागले आणि दिवा लुकलुकू लागला. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष करून गाडी दामटू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. कोड तिसऱ्या सिलिंडरचा, पी०३०३. तिसऱ्याची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली. कोड पी०३०१ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणून तीच बदलली.

आता तक्रारी. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेला किल्ली काढल्यानंतरही वीज मिळत राहते. मी ॲडॉप्टर तसाच ठेवून गाडी नऊ दिवस उभी केली आणि बॅटरी उतरली. नंतर मल्टिमीटरने मोजले तेव्हा बंद गाडी एरवी २८ मिलिॲम्पिअर ओढत होती आणि ॲडॉप्टर लावल्यावर ७३. नऊ दिवसांत ही बेरीज सुमारे १६ ॲम्पिअर-अवर होते, आणि ३५ ॲम्पिअर-अवरची जुनी बॅटरी एवढ्याने स्टार्टर फिरवेनाशी होते. तेव्हापासून काम झाले की ॲडॉप्टर काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो. तो दाखवत असलेले व्होल्टेजही मल्टिमीटरपेक्षा ०.३ ने कमी असते. बॅटरीच्या बाबतीत हा फरक लहान नाही, कारण १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली आणि १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. बॅटरीचा निर्णय मी त्याच्यावर कधीच सोडत नाही.

वेगही कमी आहे. के-लाइनवरून सेकंदाला जेमतेम १०.४ किलोबिट माहिती येते, त्यामुळे आठ-दहा आकडे एकदम मागितले की आलेख थबकत पुढे सरकतो. मी एका वेळी तीनच आकडे निवडतो. एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तेव्हा या ॲडॉप्टरला काहीच वाचता आले नाही आणि गाडी गॅरेजमध्ये न्यावी लागली. तेथील कारागिराने चाकाजवळच्या सेन्सरची तुटलेली वायर दाखवून मगच दुरुस्त केली, याचे समाधान वाटले. ब्रेक पॅड, टायर, पट्टे, बॉल जॉइंट यांविषयी तर हे उपकरण काहीच सांगू शकत नाही. मागच्या चाकाचे बेअरिंग वाजते आहे हे बाबांनी नुसत्या आवाजावरून ओळखले होते.

कोड पुसण्याचे बटण फार सहज हाताशी असते, म्हणून एक सूचना आवर्जून करतो. पुसण्याआधी कोड आणि तो नोंदला गेला त्या क्षणाचे फेरे, तापमान व वेग हे सर्व वहीत उतरवून घ्यावे, कारण पुसल्यावर ही नोंदही जाते. शिवाय संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या नव्याने सुरू होऊन पूर्ण व्हायला अनेक फेऱ्या लागतात, त्यामुळे धूर-तपासणीच्या आदल्या रात्री दिवा घालवून काही साधत नाही.

सध्या गाडीत पी०४२० हा कोड आहे, म्हणजे कन्व्हर्टरचे काम कमी पडते आहे असे संगणकाला दिसते आहे. निरोगी कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची रेषा जवळजवळ स्थिर असते. आमची पुढच्या सेन्सरबरोबर वर-खाली होते. पण एक्झॉस्टच्या मधल्या जोडावर काजळीची रेघ दिसली, आणि तेथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरीही मागचा सेन्सर असाच फसू शकतो. मागच्या आठवड्यात गाडी पक्क्या स्टँडवर घेऊन त्या जोडाचे गॅस्केट बदलले आणि कोड पुसला. कन्व्हर्टरची चाचणी अजून ‘अपूर्ण’ दिसते. ती पूर्ण होऊन निकाल येईपर्यंत नवा कन्व्हर्टर घेणार नाही.