पहिलं पुस्तक विकायचंय: कलामेळ्यात स्टॉल घ्यावा की दुकानात प्रती ठेवाव्यात?

स्वतःच्या पैशानं पुस्तक छापलं, गठ्ठे घरात येऊन पडले. आता विकायचे कुठं? कोल्हापुरात लिहिणाऱ्या नव्या माणसापुढं दोन वाटा असतात. बागेत किंवा मैदानावर भरणाऱ्या कलामेळ्यात स्टॉल घ्यायचा, नाहीतर पुस्तकाच्या दुकानात प्रती ठेवायच्या. माझं मत आधीच सांगतो. पहिलंच पुस्तक असेल आणि अनोळखी माणसाशी बोलायला संकोच वाटत नसेल, तर मेळा निवडा. पण आख्खा स्टॉल एकट्यानं घेऊ नका.

का ते हिशेबातच दिसतं. समजा, किंमत 250 रुपये आणि छपाई प्रतीमागं 90. दुकानदाराचं कमिशन 40 टक्के धरलं तर हातात 150 येतात, छपाई वजा जाता उरतात 60. मेळ्यात 10 टक्के सवलत देऊन 225 ला विकलं तर 135 सुटतात. मात्र दोन दिवसांचं भाडं 3000 असेल, तर पहिल्या 22 प्रती भाड्यातच गेल्या. मेळ्यात प्रतीमागं दुकानापेक्षा 75 जास्त सुटतात, म्हणजे दुकानापेक्षा मेळा फायद्याचा ठरायला 40 च्या वर प्रती जायला हव्यात. नव्या लेखकासाठी हे सोपं नाही. तेच भाडं तिघांत वाटलं की हा आकडा 14 वर येतो, आणि 14 माणसं दोन दिवसांत मिळतात.

त्यातही आपल्या गावाची एक गोष्ट लेखकाच्या बाजूची आहे. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांचं हे गाव. इथं लोक चित्र बघायला बायकापोरांसह येतात आणि बराच वेळ थांबतात. टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार या कलासंस्थेच्या ‘मैफल रंगसुरांची’ला चित्रकार काम करत असतो, बाजूला गाणं चाललेलं असतं आणि गर्दी शांतपणे बघत उभी असते. असा निवांत माणूस पुस्तकाच्या दुकानात क्वचितच येतो. तिथं येणारा बहुधा ठरवून आलेला असतो, आणि त्याच्या यादीत तुमचं नाव नसतं.

पण हा माणूस वाचायला आलेला नाही, हेही लक्षात घ्या. चारशे पानांची कादंबरी तो हातात घेतो आणि ठेवतो. तालमींचा इतिहास, घरच्या पाककृती, रंकाळ्यावरचे पक्षी, मुलांचं चित्रांचं पुस्तक, रेखाटनं असलेल्या छोट्या कविता, असं काही तो घेऊन जातो. कोणीतरी विचारतोच, “दादा, हे तुमीच लिवलंय काय?” त्या क्षणी कथानक सांगत बसू नका. पुस्तक त्याच्या हातात द्या आणि एखादं पान वाचून दाखवा. दुकानात हा प्रश्न विचारायला समोर लेखक नसतो, आणि माझ्या मते दोन्हींतला खरा फरक एवढाच आहे.

उघड्यावरचा त्रास मात्र खरा आहे. दुपारच्या उन्हात मुखपृष्ठं वाकतात, वाऱ्यानं पानं फडफडतात, संध्याकाळी तळ्याकाठी दव पडलं की कागद ओलसर लागतो. टेबलावर थोड्याच प्रती मांडा, बाकीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवा. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये वळवाचा भरवसा नाही, आणि पावसाळ्यात कोल्हापुरात उघड्यावर पुस्तकं मांडूच नयेत. यूपीआयचा कोड लावाच, पण सुट्टे पैसेही ठेवा; गर्दीत नेट अडतं.

दुकानाची बाजू थोडक्यात सांगता येते. भाडं नाही, दोन दिवस उभं राहणं नाही, पुस्तक वर्षभर कपाटात राहतं. पैसे मात्र विक्रीनंतर आणि मागितल्यावर मिळतात. दिलेल्या प्रतींची पोच लेखी घ्या, हिशेबाची तारीख आधीच ठरवा आणि सुरुवातीला थोड्याच प्रती ठेवा. कादंबरी, वैचारिक लेखन, अभ्यासाचं पुस्तक असेल तर थेट इथंच या. मेळ्याचं भाडं वाचवा.

शाहू स्मारक भवनात भरणाऱ्या पुस्तक प्रदर्शनांत वाचणारी माणसं नक्की भेटतात, पण शेजारच्या टेबलावर मोठ्या प्रकाशकांची सवलत असते. एकट्या शीर्षकाचं तिथं काही चालत नाही.

मेळ्यात जागा वाटून घ्यायची तर दुसऱ्या लेखकाबरोबर घेण्यापेक्षा चित्रकाराबरोबर घ्या, जमलं तर तुमचं मुखपृष्ठ ज्यानं केलंय त्याच्याबरोबरच. लोक चित्रापाशी थांबतात, मग नजर पुस्तकावर जाते. मेळा संपल्यावर उरलेल्या प्रतींपैकी पाच-दहा दुकानात ठेवा, एक प्रत 1850 पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिर या वाचनालयाला द्या. आणि “नंतर घेतो” म्हणणाऱ्यांचे नंबर जरूर लिहून घ्या: टपाल खात्याच्या ज्ञान पोस्टमधून 300 ग्रॅमपर्यंतचं पुस्तक 20 रुपये अधिक कर एवढ्यात पाठवण्याची सोय 2025 पासून झाली आहे. तुमचं पुस्तक त्यात बसतं का, एवढं पोस्टात आधी विचारून ठेवा.