ॲक्रिलिक, सुती की खरी लोकर? विदर्भातल्या घरासाठी विणताना काय घ्यावं

दिवाळी झाली की तालुक्याच्या दुकानात रंगीत गोळे पुढच्या फळीवर येतात आणि विणणाऱ्या बाया तिथं बराच वेळ उभ्या राहतात. घरात बाळ येणार असतं, शाळेतल्या पोराचा मागचा स्वेटर मनगटावर आखूड झालेला असतो, पैसे मोजके असतात. तुम्हीही त्यातल्याच असाल तर हा आढावा तुमच्यासाठी. मी वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीच्या गावात, शेतीच्या घरात राहते. तिन्ही प्रकार माझ्या सुयांवर असतात आणि माझं मत आधीच सांगून टाकते: आपल्याकडे सगळ्यासाठी ॲक्रिलिक घ्यायची सवय पडली आहे. त्यातलं बरंचसं काम सुतीत व्हायला हवं, आणि रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसासाठी खऱ्या लोकरीवरच पैसे घालायला हवेत.

आपली थंडी लहान, पण खरी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी कापूस वेचणारी बाई घामाघूम होते. उत्तरेतल्या थंडीसाठी केलेले जाड, बंद गळ्याचे नमुने इथं जसेच्या तसे विणले तर ते वर्षाचे थोडेच दिवस अंगावर चढतात. आपल्याला समोरून बटणं असलेलं, झटकन काढता-घालता येणारं, मध्यम जाडीचं विणकाम लागतं.

ॲक्रिलिक

दुकानात ‘लोकर द्या’ म्हटलं की हातात येतं ते बहुधा हेच. खनिज तेलापासून तयार होणारा हा कृत्रिम धागा आहे. त्याचे गुण खरे आहेत: स्वस्त, हलका, शेकडो रंगांत मिळणारा. कसर लागत नाही, पाण्यात आटत नाही, वाळतो लवकर. रोज मातीत लोळणाऱ्या पोराचा स्वेटर दगडावर आपटून धुवायचा असेल तर दुसरं काही सुचवणार नाही. नव्याने शिकणाऱ्या मुलीच्या हातातही हाच धागा द्यावा, कारण कितीदा उसवला तरी मन दुखत नाही.

उणिवा दोन. घर्षणानं लव निघून बारीक गोळ्या धरतात, काखेत आणि दप्तराच्या पट्ट्याखाली आधी. ही दिसण्यापुरती गोष्ट झाली. दुसरी गंभीर आहे. ॲक्रिलिकला आच सोसत नाही. गरम इस्त्री लागली तर वीण कायमची ढिली पडते, आणि पेट घेतला तर ते वितळत जळतं, वितळलेला धागा कातडीला चिकटतो. शेकोटीची एक ठिणगी उडाली तरी भोक. ज्या घरात सकाळी चुलीपुढं बसून लेकरं अंग शेकतात, तिथं हे ध्यानात ठेवायलाच हवं.

आणखी एक. नागपुरात थंडीच्या दिवसांत तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहतही आहे, म्हणजे ही माणसं आपल्या भागातलीच झाली. तिथं साधा, व्ही गळ्याचा, शाळेच्या रंगाचा स्वेटर मिळतो तो दिसायला नीट असतो, आणि हाताच्या कामाचं मोल धरलं तर आपला त्याहून महागच पडतो. म्हणून शाळेचा साधा स्वेटर मी विकत घ्यायला सांगते. हात त्या कामासाठी राखावेत जे बाजारात मिळत नाही: एका बाजूला खांदा उतरलेल्या सासऱ्यांच्या मापाचं जाकीट, सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची इवलीशी टोपडी.

सुती

हा आपल्याच मातीचा धागा, आणि विणकामात आपणच त्याला मागं ठेवतो. घरात वेचलेल्या कापसाचा ढीग भावाची वाट बघत पडलेला असतो आणि त्याच खोलीत आपण ॲक्रिलिकचा गोळा सोडवत बसतो.

सुती धाग्याचं वागणं आधी समजून घ्या, मग तो कधीच दगा देत नाही. त्याला ताण नसतो. लोकर ओढली की परत येते, सूत येत नाही. त्यामुळे एक सुलट-एक उलट अशी मनगटाची पट्टी सुतीत विणली तर थोड्या दिवसांत ती सैल पडते. मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा सुती स्वेटर स्वतःच्याच वजनानं लांबत जातो. त्याच मापाला सूत वजनानं जास्त लागतं, ओलं झालं की जड होतं आणि वाळायला वेळ घेतं. बोटंही लवकर दुखतात, कारण धागा सुईवर सरकताना हाताला काहीच सूट देत नाही.

म्हणून सुतीत लहान आणि सपाट वस्तू करा. बाळंतविड्यातलं टोपडं, झबलं, अंगावर घ्यायचा चौकोन. सुती कपडा उकळत्या पाण्यातून काढता येतो, लेकराच्या अंगाला टोचत नाही, घाम शोषतो. बाळाच्या मोज्यांना मात्र जाळीची नक्षी घालू नका. बारीक बोट भोकात अडकतं, धागा आवळतो आणि बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. आतून लोंबणारे धागे नीट शिवून टाका आणि टोपड्याला लांब बंद लावू नका.

उन्हाळ्यासाठी तर सुतीला तोड नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रात्रभर कूलर चालतो, आणि पहाटे चारला त्याच कूलरच्या ओल्या हवेनं म्हाताऱ्या माणसाचे गुडघे गारठतात. अशा वेळी गोधडी जड होते, नुसती ओढणी पुरत नाही. मोकळ्या विणीची सुती शाल तिथं अगदी बरोबर बसते. सासूबाईंसाठी विणलेली अशी शाल आमच्या घरात होळीनंतर पेटीतून निघते ती मृगापर्यंत खाटेवरच असते. स्वेटरपेक्षा तिचाच वापर जास्त.

हातसुताचा विचार असेल तर थोडं सांगते. वर्धा-सेवाग्राम भागात खादीमुळे हातसुताची ओळख जुनी आहे. १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सूतकताई शाळेत आली. सासूबाई त्याच वळणाच्या शाळेत टकळीवर सूत काढायला शिकल्या, आणि आजही नवा गोळा आणला की त्या आधी टोक उलगडून पीळ बघतात. त्यांचं सांगणं शंभर टक्के बरोबर आहे: एकपदरी सूत थेट सुईवर घेतलं तर वीण पिळाच्या दिशेनं तिरकी जाते, चौकोन चौकोन राहत नाही. दोन किंवा तीन पदर उलट्या पिळानं एकत्र करून घ्या, मग विणा. मेहनत आहे, पण तो स्पर्श गिरणीच्या धाग्याला येत नाही.

चकचकीत, मर्सराइज्ड सूत वेगळं. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेनं त्याला झळाळी आणि मजबुती येते. तोरण, ताटावरचे रुमाल, महालक्ष्म्यांच्या मखराची झालर यांसाठी ते क्रोशाच्या सुईवर उत्तम. अंगावरच्या कपड्याला मऊ, साधं सूतच घ्या. लाल-मरून सूत पांढऱ्यासोबत वापरणार असाल तर आधी एक तुकडा रात्रभर पांढऱ्या चिंधीत ओला गुंडाळून ठेवा. चिंधी रंगली तर ती जोडी करू नका.

खरी लोकर

ॲक्रिलिकच्या कितीतरी पट महाग, आपल्या तालुक्याला सहसा मिळतही नाही, नागपूरहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. धुवायला नाजूक: गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की तंतू एकमेकांत गुंततात, स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो आणि मग काही केल्या सुटत नाही. गार पाण्यात रिठा टाकून, न पिळता, टॉवेलवर आडवा वाळवायचा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा थर बसून लोकर राठ होते, म्हणूनही रिठाच बरा. कसर खाते ती वेगळी.

एवढं असूनही ती घ्या म्हणते, कारण हरभरा-गव्हाच्या दिवसांत शेतीपंपाची वीज पाळीनं रात्री येते. घरचा माणूस मध्यरात्री उठतो, दांडातून बाऱ्या फोडतो, पाय चिखलात, बाही दवानं आणि पाण्यानं ओली, आणि थोडी उसंत मिळाली की धुऱ्यावर शेकोटी पेटवून बसतो. या एका रात्रीत तिन्ही धाग्यांची परीक्षा होते. सुती बाही भिजली की अंगाची ऊब ओढून घेते, तिथं सूत सपशेल नापास. ॲक्रिलिक फारसं पाणी शोषत नाही, पण वारा विणीतून आरपार जातो आणि शेकोटीपुढं ते धोक्याचं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, ऊब धरून ठेवते, आणि ठिणगी पडली तर करपून विझते, वितळत नाही.

सगळ्यांसाठी लोकर परवडणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पूर्ण स्वेटर नको, बिनबाह्यांचं जाकीट आणि कानटोपी एवढंच करा. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला मध्यम जाडीची लोकर साधारण अर्धा किलो लागते. जाकिटाला पुष्कळ कमी पुरते, आणि छाती-पाठ-कान झाकले की निम्मी थंडी जिंकली. टोचण्याची तक्रार असेल तर आत सुती बनियन असतंच. दख्खनी मेंढीची आपली देशी लोकर घोंगडीला अप्रतिम, पण ती राठ असते, अंगालगतच्या कपड्याला नको.

मिश्र धागे, अर्धी लोकर-अर्धं ॲक्रिलिक, मधला मार्ग म्हणून मोठ्या मुलांना चालतात. आचेपासून मात्र त्यांनाही ॲक्रिलिकसारखंच जपा.

खरी-खोटी ओळखायची तर एक वीत धागा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आणि हातानं चुरडणारी काळी राख म्हणजे लोकर. कागदासारखा वास, करडी भुरकी राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. हे अंगणात, पाण्याच्या ताटलीवर करा. घरात कापूस साठवलेला असताना आत काडी ओढायचीच नाही.

सुया, हंगाम आणि पेटी

आपल्याकडच्या जुन्या सुयांवर आकडा मोठा म्हणजे सुई बारीक: १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर चार मिलिमीटर. नव्या सुयांवर थेट मिलिमीटर असतात, दोन्ही पद्धती मिसळू देऊ नका. कोणताही धागा असो, दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, मगच टाके मोजा. सुतीच्या बाबतीत धुणं चुकवलं तर माप हमखास चुकतं.

दोन सुया की क्रोशा, याचं उत्तर मी घरच्या कामावरून देते. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटंच मिळतात, मध्येच दूध उतू जातं, लेकरू टाका ओढतं. क्रोशावर एकच टाका मोकळा असतो, निसटला तरी काही बिघडत नाही. सुयांचं काम दुपारच्या निवांत वेळेचं. वैशाखात हात घामेजतात, लोकर सुईला चिकटते, तेव्हा सुती क्रोशाच काढावा.

राहिला साठा. ‘कायले एवढं आणून ठेवतं वं?’ हे वाक्य विणणाऱ्या प्रत्येक घरात आहे. माझं उत्तर असं की एका कपड्याचा धागा एकदम घेणं ही उधळपट्टी नाही. वेष्टनावर रंगाचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेचा आकडा, असतो. पुढच्या महिन्यात तोच रंग दुसऱ्या लॉटचा घेतला तर पाठीवर पट्टा उमटतो. म्हणून त्या कपड्याचे सगळे गोळे एकाच लॉटचे, वर एक जास्तीचा. याउलट कोणासाठी, काय, हे ठरलेलं नसताना नुसत्या रंगाला भुलून घेतलेले दोन-दोन गोळे पेटीत पडून राहतात. तेवढे टाळा. उरलेल्याचे तीन ढीग वेगळे ठेवा, कारण ॲक्रिलिक आणि लोकर एकाच पट्टीत आली की पहिल्या धुण्यात एक आटते, दुसरी आटत नाही.

लोकर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तिलाच कसर लागते. उंदीर मात्र तिन्हींत घर करतात, म्हणून पोती किंवा खोके नकोत, पत्र्याची पेटीच हवी. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं आणि या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेनं त्यांच्या रक्तपेशी फुटून कावीळ वाढते. कोणत्या बाळाला ते आहे हे वरून दिसत नाही. त्याऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा आणि पोळ्याच्या सुमारास चांगलं ऊन पडलं की लोकर तासभर बाहेर काढून झटका. रंगीत सूत तेव्हा सावलीतच राहू द्या.