आयरिश स्टेशनच्या मॉडेलपायी १०५० युरो गेले, पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

परवा रात्री स्टेशनच्या मॉडेलच्या एका जाहिरातीत तोच फोटो परत दिसला, जो दाखवून मला फसवलं होतं. विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाव वेगळं, पण फोटो तोच. मधे मोठी कमान, दोन्ही बाजूंना खांबांची ओळ आणि मागच्या भिंतीवर उजव्या कोपऱ्यात अर्धवट कापलं गेलेलं पांढरं सॉकेट, दोन गोल भोकांचं. ते सॉकेट मी इतक्या वेळा मोठं करून बघितलंय की आता कुठेही ओळखेन. म्हणजे हा माणूस अजून धंदा करतोय आणि अजून कुणीतरी त्याला डिपॉझिट पाठवणार आहे. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल, पण वाचा.

मी डब्लिनमध्ये नऊ वर्षं आहे. ऑफिसला रोज लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, ग्रीन लाइननं जातो, डंड्रमकडून शहरात. चार्लमाँटपर्यंत ट्राम जुन्या रेल्वेच्या मार्गावरून येते आणि मग रस्त्यावर उतरते, आणि पुढचा हारकोर्टचा स्टॉप बरोबर जुन्या हारकोर्ट स्ट्रीट स्टेशनच्या दारात आहे. स्टेशन म्हणजे आता फक्त पुढची इमारत उरलीय. जॉर्ज विल्किन्सननं केलेलं डिझाइन, १८५९ साली सुरू झालेलं, इथून रॅनला, मिलटाउन, डंड्रम करत गाड्या ब्रे गावाला जायच्या. मधल्या काळात १९३२ पासून ड्रम नावाच्या संशोधकाची बॅटरीवर चालणारी गाडीसुद्धा या मार्गावर धावलीय, त्या काळात, विचार करा. ३१ डिसेंबर १९५८ ला शेवटची गाडी गेली, मग रूळ काढले, आणि पंचेचाळीस वर्षांनी २००४ मध्ये त्याच वाटेवरून लुआस सुरू झाली.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, भुसावळला रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर, होते. आयुष्य रुळांवर चालण्यात गेलं, ट्रॉलीवर बसून आणि पायी. ते इकडे आले होते तेव्हा मी त्यांना स्टेशनच्या मागच्या टोकाला, हॅच स्ट्रीटवर नेलं आणि १९०० सालची गोष्ट सांगितली. १४ फेब्रुवारीला एनिसकॉर्थीहून गुरं भरून आलेली गाडी स्टेशनात थांबलीच नाही, इंजिन रुळांच्या टोकाचा अडसर (बफर) तोडून शेवटची भिंत फोडून अर्धं बाहेर आलं आणि रस्त्याच्या वर तसंच लोंबकळत राहिलं. विल्यम हायलंड नावाचा ड्रायव्हर होता, त्याचा हात कापावा लागला. त्या दिवशीचा फोटो प्रसिद्ध आहे, मोबाइलवर दाखवला तर आप्पा फूटपाथवर उभं राहून पाच मिनिटं तो फोटो आणि वर मान करून ती जागा असं आळीपाळीनं बघत होते. मग म्हणाले, "ग्रेडियंट, उतार, काय होता रे इथं?" त्याच दिवशी माझं ठरलं की हे स्टेशन बनवायचं, त्यांच्या पंचाहत्तरीला तयार ठेवायचं आणि तोपर्यंत त्यांना काही सांगायचं नाही.

आता मुख्य भानगड गेजची, आणि फसवणूक इथूनच सुरू होते म्हणून जरा समजून घ्या. आयर्लंडमध्ये रुळांचं अंतर ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर. आपल्याकडच्या ब्रॉडगेजपेक्षा, म्हणजे १६७६ पेक्षा, थोडं कमी, आणि इंग्लंडच्या १४३५ पेक्षा बरंच जास्त. (लुआस मात्र १४३५ वर आहे, त्यामुळे त्याच वाटेवर आज जुन्या गाड्यांचं एक चाकसुद्धा बसणार नाही.) मॉडेल करणारे इथे बहुतेक चार मिलिमीटरला एक फूट या स्केलनं करतात. त्या हिशोबानं आयरिश रुळांमधलं अंतर २१ मिलिमीटर हवं. पण बाजारात जे तयार मिळतं, आयरिश इंजिनं आणि डबे धरून, ते जवळजवळ सगळं १६.५ मिलिमीटरचं. खऱ्या मापात सांगायचं तर १६०० च्या जागी १२५७, फूटभराहून जास्त कमी! बऱ्याच लोकांना ते चालतं आणि त्यात काही वाईट नाही, पण ज्या माणसाला दाखवायचंय तो पीडब्ल्यूआय, त्याच्यापुढे मी कमी गेजचा ट्रॅक ठेवणार नव्हतो. आणि २१ मिलिमीटरचा तयार ट्रॅक सहज मिळत नाही, हातानं बनवा किंवा बनवून घ्या.

मला बनवून घ्यायचं होतं. दोन लहान मुलं, नोकरी, वेळ कुठून आणणार. खरेदी-विक्रीच्या एका ठिकाणी एकाची जाहिरात दिसली, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये राहतो, आयरिश गेजचं काम करतो, ऑर्डर घेतो. मी लगेच ऑर्डर दिली नाही. आधी त्याच्याकडून चाकांच्या फक्त दोन जोड्या मागवल्या, २१ मिलिमीटरच्या, २२ युरोंच्या. आठवड्यात आल्या. छोट्या डबीत कापसात गुंडाळलेल्या, व्हर्नियर लावून मोजल्या तर माप अगदी बिनचूक. चाकं टेबलावर ठेवून बोटानं ढकलली तर सरळ रेषेत शेवटपर्यंत गेली. झालं, माझा विश्वास बसला. आज कळतंय की त्या २२ युरोंची चाकं म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं, ती त्यानं दुसरीकडून विकत घेऊन मला पाठवली असणार.

मग मी सगळं दिलं त्याला. जुन्या २५ इंची (मैलाला २५ इंच) ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे सरकारी मोजणीच्या, नकाशावरून काढलेली मापं, इमारतीचे मी स्वतः काढलेले चाळीसेक फोटो, खांबांची उंची, हॅच स्ट्रीटकडच्या टोकाचं स्केच. दर्शनी इमारत, बारा फूट ट्रॅक आणि दोन पॉइंट (रूळ बदलायचे सांधे), सगळं मिळून १०५० युरो ठरलं, निम्मं आधी. कार्डानं देतो म्हटलं तर त्याचं उत्तर असं की कार्डावर कमिशन कापलं जातं, तू ॲपवरून मित्राला पाठवतात तसे पाठव, मी तुला पुढच्या कामात तीस युरो कमी करीन. मी ५२५ पाठवले. हीच माझी पहिली चूक, आणि सगळ्यात मोठी. मित्राला पाठवलेल्या पैशांना खरेदीचं कुठलंच संरक्षण नसतं, ॲपच्या दृष्टीनं तुम्ही काही विकत घेतलेलंच नाही.

दोन महिने फोटो येत राहिले. आधी लाकडाच्या पट्ट्या, मग खांब, मग तो कमानीचा फोटो. माणूस बोलायचा इतकं छान, आप्पांबद्दल विचारायचा, भुसावळबद्दल विचारायचा, तुझ्या वडिलांसाठी मी जास्त काळजीनं करतोय म्हणायचा. हे लिहिताना अजून त्रास होतो. पैशाचं एक वेळ ठीक, पण आप्पांचं नाव मीच त्याच्या हातात दिलं आणि त्यानं ते वापरलं. नोव्हेंबरमध्ये म्हणाला काम पूर्ण झालंय, उरलेले पाठव, उद्या पार्सल टाकतो. बँक ट्रान्सफर केली, ५२५. त्यानं दिलेल्या आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं ना आयर्लंडची ना ब्रिटनची, तिसऱ्याच देशाची होती. ते तेव्हा दिसलं होतं मला. आजकाल लोक कुठल्याही देशातल्या ऑनलाइन बँकेत खातं काढतात म्हणून सोडून दिलं.

चार दिवसांनी मेसेज, पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, १८५ युरो भरावे लागतील, मला पाठव, मी इकडून भरतो. आणि इथं माझं डोकं जागेवर आलं. बेलफास्टहून मी आधी दोनतीनदा सामान मागवलंय, कधी एक पैसा कस्टम्स लागलं नाही. नॉर्दर्न आयर्लंडमधून इकडे येणाऱ्या मालाला कस्टम्स नाहीच, ब्रेक्झिटनंतर तीच तर मोठी भानगड होती आणि त्यावरच तोडगा काढला होता. इंग्लंडहून आलेल्या पार्सलवर लागतं, पण तेसुद्धा पोस्ट किंवा कुरियरवाला तुमच्याकडून घेतो, विकणाऱ्याच्या खात्यात भरायचं नसतं. मी त्याला हे लिहिलं तर तो म्हणाला नियम बदललेत.

त्या रात्री रविवार होता, आप्पांचा व्हिडिओ कॉल. माझा चेहरा बघून आईनं विचारलं काय झालं रे, आणि मी सरप्राइजबिरप्राइज सगळं सोडून सांगून टाकलं. आप्पा म्हणाले, "फोटो पाठव बरं." पाठवले. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मला स्क्रीनवर फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हे स्लीपर बघ, रुळाच्या बाहेर किती उरलेत. रूळ आत सरकवल्यासारखे दिसताहेत. हा तू म्हणतोस तो गेजच नाही." (स्लीपर म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या.) मी दोन महिने ते फोटो रोज बघत होतो, खांब मोजत होतो, कमानीचा रंग बघत होतो, रुळांकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. त्यांना दोन मिनिटं लागली.

फोन ठेवल्यावर मी प्रत्येक फोटो मोठा करून कोपरे बघायला लागलो, आणि तेव्हा ते सॉकेट दिसलं. आयर्लंड काय, नॉर्दर्न आयर्लंड काय, घरात तीन चौकोनी भोकांचंच सॉकेट असतं. दोन गोल भोकांचं युरोपात तिकडे. मग फोटो इमेज सर्चमध्ये टाकला. सरळ टाकल्यावर काही आलं नाही कारण त्यानं तो आरशासारखा उलटा केला होता. मी परत उलटा करून टाकला तर पहिल्याच पानावर मूळ फोटो, युरोपातल्या कुणाचंतरी घरचं मॉडेल, दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्याच स्टेशनचं. मूळ फोटोत डावीकडे पाटी होती, स्टेशनचं नाव असलेली, ती कापली होती. खांब आणि कमान तेवढी हारकोर्टसारखी.

त्याला विचारलं तर त्यानं ब्लॉक केलं. दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब. बँकेला फोन केला, त्यांनी परत मागणीची विनंती पाठवली, खात्यात काही नव्हतं. ॲपवाल्यांनी सांगितलं मित्राला पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. गार्डा (इथले पोलीस) स्टेशनला जाऊन तक्रार दिली, सगळे स्क्रीनशॉट, आयबॅन, मेसेज प्रिंट काढून. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सगळे कागद ठेवून घेतले, पण पैसे मिळतील असं त्याही म्हणाल्या नाहीत.

कुणी काम बनवून घेणार असाल तर माझं एवढं ऐका, व्हिडिओ कॉलवर काम दाखवायला सांगा, त्या दिवशीचा पेपर किंवा तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी मॉडेलशेजारी ठेवून फोटो मागा, खऱ्या कारागिराला त्यात दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत आणि राग तर मुळीच येत नाही. मी नंतर दोन कारागिरांना विचारून बघितलं, दोघांनीही तासाभरात पाठवले. कमिशन वाचवायचं म्हणून कार्ड टाळू नका. कार्डावर निदान बँकेकडे वाद तरी घालता येतो. इमेज सर्च करताना फोटो सरळही टाका आणि उलटाही. आणि मापाचं काम असेल तर फोटोत पट्टी ठेवायला सांगा, रुळांवर आडवी, आकडे वाचता येतील अशी. २१ म्हणजे २१ दिसलंच पाहिजे. पहिली छोटी ऑर्डर बरोबर आली यावरून काहीही ठरवू नका.

तो परवाचा फोटो, त्यात सॉकेट, कमान सगळं तसंच आहे, फक्त मॉडेलचं नाव बदललंय, आता ते म्हणे कॉर्क बाजूचं स्टेशन आहे. मी त्या जाहिरातीच्या साइटवर लगेच कळवलंय, गार्डाकडेही नवी लिंक दिली. कुणाला असा मेसेज आला असेल तर मला विचारा, माझ्याकडचे सगळे फोटो मी जुळवायला देतो.

ट्रॅक आता मीच बनवतोय. तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्ट्या कापून स्लीपर, त्यावर रूळ सोल्डर करायचे, मधे २१ मिलिमीटरचा पितळी ठोकळा धरून. रात्री मुलं झोपल्यावर तासभर. पहिला फूटभर तुकडा तीनदा उकलावा लागला, चौथ्यांदा जमला. आप्पा रविवारी कॉलवर बसतात, मी कॅमेरा रुळांच्या पातळीला आणतो आणि ते एका डोळ्यानं रुळाच्या रेषेत बघतात, जसं ट्रॅकवर वाकून बघायचे तसंच, आणि सांगतात, "डावा रूळ, पाचव्या स्लीपरला, जरासा बाहेर." त्या ठगानं पाठवलेली चाकांची जोडीच मी तपासायला वापरतो. ती पाचव्या स्लीपरपाशी खरंच अडकते.