शापाला हत्यार करणारा लाकूडतोड्या: 'डोन्ट स्टार्व्ह टुगेदर'मधील वूडी

जंगलात एकट्याने तग धरायचा, लाकूड-दगड गोळा करायचे आणि त्यांतून अवजारे घडवायची, अशा गेम्सची आज रेलचेल आहे. मात्र रूप बदलून लढण्याच्या कल्पनेला पोटापाण्याच्या हिशेबाशी घट्ट बांधणारे गेम थोडे. क्ले एंटरटेनमेंट या कॅनडातील स्टुडिओचा 'डोन्ट स्टार्व्ह' 2013 मध्ये आला आणि त्याची अनेकांनी मिळून खेळण्याची आवृत्ती, 'डोन्ट स्टार्व्ह टुगेदर', 2016 मध्ये पूर्ण स्वरूपात उपलब्ध झाली. त्यातील वूडी या लाकूडतोड्याबद्दल हे परीक्षण आहे.

गेममधील एक दिवस प्रत्यक्षातील आठ मिनिटांचा असतो आणि तेवढ्यात भूक, प्रकृती व मानसिक संतुलन या तिन्ही पट्ट्या सांभाळाव्या लागतात. एक सोन्याचा खडा, चार ओंडके आणि चार दगड जमले की नव्या वस्तू घडवायला लागणारे पहिले विज्ञानयंत्र उभे राहते, पण हे सांगायला कोणी येत नाही. नवख्या खेळाडूला हा अबोलपणा जाचक वाटेल, आणि ती तक्रार रास्तच आहे.

वूडीकडे लूसी नावाची बोलकी कुऱ्हाड आहे आणि त्याच्यावर एक शाप आहे. राक्षसी मांस वापरून घडवलेली मूर्ती खाल्ली, की तो त्या मूर्तीप्रमाणे बीव्हर, मूस (हरणाच्या कुळातील थोराड प्राणी) किंवा रानहंस होतो. बीव्हर झाडे कुरतडतो, मूस लढतो, रानहंस पाण्यावरूनही धावतो. रूपांतर झाल्यावर भुकेच्या जागी शापाची पट्टी येते; ती उतरत जाते आणि ती संपली की वूडी रिकाम्या पोटाने आणि खचलेल्या मनाने माणसात परततो. शक्ती फुकट मिळत नाही, ती उसनी मिळते, आणि परतफेडीसाठी शिजवलेले अन्न आधीच तयार ठेवावे लागते. ही योजना मला या गेममधील सर्वांत हुशार गोष्ट वाटते, कारण लढाई चुलीपाशी सुरू होते आणि चुलीपाशीच संपते.

मूसची लढाई मात्र काहीशी एकसुरी आहे. एरवी या गेममध्ये शत्रूचा वार ओळखायचा, मागे सरायचे आणि मग दोन-तीन घाव घालायचे, असा नेमका ताल असतो. मूसच्या जाड कातडीमुळे आणि मुसंडीमुळे तो ताल बराचसा अनावश्यक ठरतो. हात बसलेल्या खेळाडूला यात कौशल्याचा आनंद कमी मिळेल, पण ज्याला तो ताल अजून साधलेला नाही, त्याला हिवाळ्यातील अजस्र एकडोळ्या डिअरक्लॉप्स राक्षसासमोर उभे राहण्याचे बळ मिळते. (सर्वाधिक वापर मी रानहंसाचाच केला, हे कबूल करतो, पळून जाणे हीदेखील युद्धनीतीच आहे.)

हाताने रेखाटल्यासारखी काळपट चित्रशैली या शापाला शोभते. अनेकांबरोबर खेळताना बीव्हरचा उपयोग वाढतो, कारण तळासाठी लागणारे लाकूड एकटा वूडी पुरवू शकतो आणि इतरांचे हात मोकळे राहतात.

मूळ मांडणीप्रमाणे पहिली पौर्णिमा अकराव्या दिवशी येते. त्या रात्री वूडीचे रूप आपोआप बदलते आणि रूपाची निवड खेळाडूकडे नसते, म्हणून दहाव्या दिवशीच अन्न शिजवून ठेवावे आणि तळापासून फार दूर जाऊ नये.