हनोईच्या विमानतळाबाहेर आम्हाला कसं फसवलं

व्हिएतनामला निघालेल्या प्रत्येकाने हे जाण्याआधी वाचावं म्हणून लिहिते आहे.

नोई बाय विमानतळावर उतरलो तेव्हा सोबत सासूबाई आणि मुलगा होते. बाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस हसतमुखाने पुढे आला. त्याने बॅगा उचलल्या, हॉटेलचं नाव विचारलं. वाटेत कुणाशी तरी फोनवर बोलून म्हणाला, तुमच्या हॉटेलचं काम निघालंय, त्यांच्याच दुसऱ्या शाखेत सोय केली आहे. आमचं रोमिंग अजून सुरू झालं नव्हतं, त्यामुळे खरं-खोटं करायला काहीच हाताशी नव्हतं.

गाडी थांबली तिथे पाटी त्याच नावाची! हनोईच्या जुन्या भागात एकसारख्या नावांची हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, आणि हा धंदा त्यावरच चालतो. खोलीचं भाडं दुप्पट सांगितलं, तेही आगाऊ. पत्ता वेगळा असल्याचं मुलाच्या लक्षात आलं आणि आम्ही बॅगा खाली घेतल्या.

मग गाडीचं भाडं. मी ५,००,००० डाँगची नोट दिली. तो माणूस दिव्याकडे वळला आणि परत फिरला तेव्हा त्याच्या हातात २०,००० ची नोट होती. "तुम्ही हीच दिलीत," म्हणून आवाज चढवला. दोन्ही नोटा निळ्या, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. एक साधारण सतराशे रुपयांची, दुसरी सत्तरची. रात्रीची वेळ, सासूबाई घाबरलेल्या. आणखी एक ५,००,००० ची नोट देऊन सुटका करून घेतली.

ही माणसं तुमचा पहिला तास हेरतात: थकवा, नेट नाही, नोटा अनोळखी. म्हणून त्या तासाची तयारी घरूनच करा. ई-सिम निघण्याआधी टाकून ठेवा, पण भारतातलं सिमही चालू असू द्या, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. हॉटेलचा घर क्रमांक आणि रस्ता व्हिएतनामी लिपीत कागदावर घ्या. नुसतं नाव उपयोगाचं नाही. सर्वांत बरं म्हणजे हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा आणि भाडं लेखी मागवा. ग्रॅब या टॅक्सी बोलावण्याच्या ॲपवर भाडं आधीच दिसतं. ८६ नंबरची बसही थेट हनोई स्टेशनपर्यंत जाते.

नोटा दोन पाकिटांत ठेवा, पाच शून्यांच्या वेगळ्या. देताना आकडा मोठ्याने म्हणा, नोट उलगडून दाखवा.

व्हिसाचंही असंच आहे. सरकारी ई-व्हिसाचं एकदा प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर आहे. सरकारी वाटाव्यात अशा खासगी साइट्स जास्त उकळतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' आहे का, ते बघूनच पैसे भरा.

खऱ्या हॉटेलात पोहोचल्यावर तिथल्या मुलीने आधी गाडीचा नंबर विचारला. मुलाने गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला होता, त्यावरून तिने पोलिसांना ११३ वर कळवलं. पैसे परत आले नाहीत, तक्रार मात्र नोंदली गेली.